नवी पेठेतील मासिक फोटोचर्चा: टेबलावरची प्रिंट आणि तिच्याभोवतीची माणसे

सोलापूरच्या नवी पेठेतील एका फोटो लॅबच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकरा वाजता हौशी छायाचित्रकारांची बैठक भरते. सभासदत्व, पदाधिकारी, हारतुरे असे काही नाही. बैठकीचे शुल्क 200 रुपये असून त्यात आपण निवडलेल्या दोन फोटोंच्या 8×12 इंची प्रिंट लॅबच काढून देते. त्या प्रिंट नाव न घालता लांब टेबलावर मांडल्या जातात, जमलेली मंडळी एकेका प्रिंटवर बोलतात, आणि ज्याचा फोटो आहे त्याने सगळ्यांचे बोलून होईपर्यंत तोंड उघडायचे नाही, चर्चेचा एवढाच काय तो नियम. लग्नाचे, स्टुडिओतले किंवा घरातले फोटो घेतले जात नाहीत. उघड्यावर, मिळेल त्या उजेडात काढलेलेच फोटो चालतात. खोलीत वीस-बावीस माणसे जेमतेम मावत असल्यामुळे मालकांनी जाहिरात टाळली आहे आणि त्यांच्या विनंतीवरून मीही लॅबचे नाव येथे देत नाही. शहरातील कोणत्याही कॅमेरा दुरुस्ती करणाऱ्याकडे चौकशी केल्यास पत्ता मिळेल. गेल्या पावसाळ्यापासून मी या बैठकांना नियमित जात आहे, आणि 200 रुपयांत तेथे जे मिळते ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

सोलापूरच्या आसपास फोटो काढणाऱ्याला विषयांची वानवा नाही. उत्तरेला नान्नजचे माळरान, शहरातच सिद्धेश्वर तलाव आणि त्याला लागून भुईकोट किल्ला, कमळे आणि पाणपक्ष्यांसाठी कंबर तलाव, तुळजापूर रस्त्याला हिप्परग्याचा तलाव, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल, आणि थोडी लांबची वाट धरली तर उजनीचे पाणी. वानवा आहे ती आपला फोटो नीट पाहून त्यात काय कमी पडले हे तोंडावर सांगणाऱ्याची. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी फोटो टाकला की दुपारपर्यंत 'लय भारी' आणि 'अप्रतिम' यांची रांग लागते. ती मंडळी मनापासून कौतुक करतात यात शंका नाही, परंतु त्या कौतुकातून पुढचा फोटो सुधारत नाही. शिवाय साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तेथे लांब बाजूने साधारण 1600 पिक्सेलपर्यंत लहान होतो. छपाईच्या 300 पिक्सेल प्रति इंच या प्रचलित हिशेबाने तो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येईल, म्हणजे ज्या बारकाव्यांवर बोलायचे ते बारकावेच त्यात शिल्लक राहिलेले नसतात.

म्हणूनच या लॅबने प्रिंटचा आग्रह धरला हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 8×12 इंची प्रिंटसाठी 2400×3600 पिक्सेल, म्हणजे सुमारे 8.6 मेगापिक्सेल पुरतात. आजचा साधा फोनही 12 मेगापिक्सेलचा फोटो देतो, त्यामुळे लाखभर रुपयांची लेन्स बाळगणाऱ्याची प्रिंट आणि फोनवर फोटो काढणाऱ्या कॉलेजच्या मुलीची प्रिंट शेजारी शेजारी पडतात आणि कोणती कशाने काढली हे आकारावरून कळत नाही. लॅबचे मालक आणखी एक गोष्ट कसोशीने पाळतात. एरवी लॅबमध्ये यंत्र चालवणारा माणूस प्रत्येक फोटोचा उजेड आणि रंग आपल्या सवयीने थोडा 'बरा' करून देतो; या बैठकीच्या प्रिंटसाठी ती दुरुस्ती पूर्णपणे बंद ठेवली जाते. तसे केले नाही तर चर्चा छायाचित्रकाराच्या निर्णयांवर न होता लॅबच्या निर्णयांवर होईल, हे त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. ज्यांचा कॉम्प्युटर किंवा फोन भडक उजेडावर ठेवलेला असतो त्यांच्या प्रिंट साहजिकच काळपट येतात, आणि पहिल्या बैठकीत बहुतेकांचा हिरमोड होतो तो याच कारणाने. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद फक्त खोलीतला प्रकाश परत करतो. स्क्रीनचा उजेड कमी करून फोटोवर काम केले की दुसऱ्या महिन्यात हा फरक बराच कमी होतो.

चर्चेचे संचालन एक निवृत्त चित्रकला शिक्षक करतात. सगळे त्यांना 'सर' म्हणतात. प्रत्येक प्रिंटसमोर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आधी डोळा कुठं गेला?" फोटो चांगला की वाईट, हे या टप्प्यावर कोणी सांगायचे नाही, नजर प्रथम कोठे गेली, तेथून कोठे सरकली आणि कोठे अडकली, एवढेच सांगायचे. वीस माणसांपैकी बारा जणांची नजर कोपऱ्यातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशवीवर गेली असेल, तर ज्याने फोटो काढला त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. आपली बाजू मांडण्याची मुभा नसल्यामुळे 'त्या दिवशी ढग होते', 'मागून गाडी आली' अशी कारणे चर्चेच्या मध्ये येत नाहीत. फोटो पाहणाऱ्याला ती कारणे कधीच ठाऊक नसतात, त्यामुळे हा नियम मला कठोर न वाटता न्याय्य वाटतो.

येथे होणाऱ्या चर्चेचा दर्जा कळावा म्हणून उन्हाळ्यातील एका बैठकीचे उदाहरण थोडे विस्ताराने देतो. टेबलावर धाविक पक्ष्याची एक प्रिंट होती. उघड्या मुरमाड माळावर, पाय उचलून थबकलेला, डोळ्यावरची पांढरी पट्टी आणि छातीचा विटकरी रंग दोन्ही स्पष्ट. क्षण उत्तम पकडलेला होता, पण फोटोला धार नव्हती. एकाने फोकस चुकल्याचे सांगितले, दुसऱ्याने हात हलल्याचे, तिसऱ्याने थेट लेन्सवर संशय घेतला. मग कोपऱ्यात बसलेल्या एका वयस्कर काकांनी प्रिंट हातात घेतली आणि भिंगाखाली गवताच्या काड्या दाखवल्या. फोकस चुकला असता तर पक्ष्याच्या पुढची किंवा मागची एखादी पट्टी तरी लख्ख आली असती. हात हलला असता तर प्रत्येक काडी एकाच दिशेने पुसली गेली असती. या प्रिंटमध्ये कोठलीच काडी लख्ख नव्हती आणि त्यांच्या कडा लाटांसारख्या वाकड्या झाल्या होत्या. ही तापलेल्या हवेची करणी होती. मार्चनंतर आपल्याकडे सकाळी नऊच्या सुमारासच जमीन तापू लागते, तिच्या लगतची हवा हलू लागते, आणि पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून दूरवरचा पक्षी टिपताना त्या हलत्या हवेचा सगळा थर मध्ये येतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची आणि जमिनीला जितकी लगटून धरलेली, तितका हा परिणाम अधिक. महाग लेन्सने, ट्रायपॉडने किंवा शटर स्पीड वाढवून त्यावर मात करता येत नाही. लवकर निघणे आणि अंतर कमी करणे हेच दोन उपाय.

नंतर ज्यांचा फोटो होता ते बोलले. ते एका बँकेत नोकरीला आहेत आणि फोटो मऊ येतात म्हणून लेन्स विकायला काढण्याच्या बेतात होते. त्यांनी वेळेची नोंद पाहिली तेव्हा फोटो साडेदहाचा निघाला. पुढच्या महिन्यात त्यांनी त्याच माळावरची, सूर्य नुकताच वर आलेला असतानाची प्रिंट आणली आणि तिच्यात पिसांच्या कडा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ होत्या. फोनच्या पडद्यावर हा दोष कोणालाच दिसला नसता. हजारो रुपयांचा व्यवहार एका भिंगाने वाचवला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

नान्नजच्या काळविटाचा फोटो तर जवळजवळ प्रत्येक बैठकीत असतो. नान्नजचे अभयारण्य 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी घोषित झाले. माळढोक आज तेथे दिसणे अतिशय दुर्मीळ झाले असले, तरी काळवीट, लांडगा, खोकड आणि थंडीत येणारे भोवत्या ससाणे यांच्यामुळे सोलापूरच्या छायाचित्रकाराचे पाऊल तिकडे वळतेच. काळविटाच्या नराचा फोटो उजेडाच्या दृष्टीने अवघड असतो, कारण पाठ काळी आणि पोट पांढरे. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून उजेड ठरवतो. नर जवळ असून त्याच्या काळ्या पाठीने चौकट भरली असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि पोटावरचा व डोळ्याभोवतीचा पांढरा रंग जळून जातो. तेथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, हाताने कमी करावे लागते. उलट नर दूर असून चौकट डिसेंबरच्या उन्हात चमकणाऱ्या वाळक्या गवताने भरली असेल तर कॅमेरा उजेड घटवतो आणि प्राणी काळा ठिपका होऊन बसतो. तेथे एक्स्पोजर वाढवावे लागते. एकाच प्राण्यासाठी दोन परस्परविरुद्ध दुरुस्त्या कशा, हे कोणत्याही पुस्तकी व्याख्यानापेक्षा टेबलावर शेजारी ठेवलेल्या दोन प्रिंटनी मला लवकर समजावले. याच फोटोंच्या निमित्ताने पार्श्वभूमीवर वारंवार चर्चा होते. शिंगांचे पीळ गवतावर आले तर उठून दिसतात, मागच्या बाभळीवर आले तर तिच्या फांद्यांत मिसळून जातात. गाडीच्या खिडकीतून कॅमेरा हातभर खाली धरला की क्षितिज खाली उतरते आणि तीच शिंगे मोकळ्या आभाळावर येतात. हातभर अंतराचा हा फरक सरांनी एकदा दोन पेन्सिली आणि एक पुठ्ठा घेऊन सर्वांना करून दाखवला.

जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरची बैठक सर्वांत भरगच्च असते आणि तिच्यासाठी महिनाभर आधी नाव द्यावे लागते. मिरवणुकीतल्या सात उंच मानाच्या काठ्या म्हणजे नंदीध्वज, बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घातलेले हजारो भक्त, अठ्ठावन्न-साठ वर्षांपासून तीच वाट चालणारी म्हातारी माणसे आणि पहिल्यांदाच काठीला हात लावणारी पोरे, असे सगळे विषय एकाच रस्त्यावर मिळतात. तरीही प्रिंट एकसारख्या निघतात: उंचावरून घेतलेली गर्दी आणि मध्ये नंदीध्वज. सरांनी या वर्षी यात्रेतल्या प्रतीकात्मक विवाहाच्या, म्हणजे अक्षता सोहळ्याच्या, प्रिंट एका ओळीत लावल्या आणि विचारले, "यात अक्षता कुठल्या फोटोत दिसतात?" बहुतेकांत दिसत नव्हत्या. फिकट दाणे पांढऱ्या बाराबंदीवर हरवले होते, किंवा शटर स्पीड कमी असल्याने त्यांच्या नुसत्या रेघा उमटल्या होत्या. एकाच प्रिंटमध्ये त्या लख्ख होत्या. ती एका अकरावीतल्या मुलाची होती. तो गर्दीच्या खालच्या अंगाला, उन्हाकडे तोंड करून उभा होता. उजेड दाण्यांच्या मागून आला होता आणि त्यांच्या मागे सावलीतली झाडी होती. उंचावरच्या मोक्याच्या जागा मिळालेल्यांना जे साधले नाही ते त्याला खाली राहून साधले. त्या मुलाला सगळ्यांनी टाळ्या दिल्या, आणि लगेच फोटोच्या डाव्या कडेला अर्ध्यात कापलेल्या चेहऱ्याबद्दल सुनावलेही. मला या बैठकीची हीच तऱ्हा आवडते.

उजनीच्या रोहित पक्ष्यांवर बोलणे लवकर आटपते, कारण बहुतेक प्रिंटमध्ये पाण्याची रेघ एका बाजूला कललेली असते आणि ती सरळ केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नसतो. हत्तरसंग कुडलच्या शके 940 मधील मराठी शिलालेखाची प्रिंट एकदा आली होती. उथळ कोरलेल्या अक्षरांवर उजेड समोरून पडला की ती सपाट होतात आणि बाजूने घासून गेला की प्रत्येक रेषेला सावली मिळते, हे तेव्हा चांगले समजले. असे वारशाचे विषय मात्र फार कमी येतात. भुईकोट किल्ला रोजच्या वाटेवर असूनही त्याची प्रिंट क्वचितच टेबलावर येते, याचे मला वाईट वाटते.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर उणीव घरट्यांच्या फोटोंबाबत आहे. घरट्यातले, अंड्यांचे किंवा बिळापाशी काढलेले पिल्लांचे फोटो आणू नयेत, असे सुरुवातीला तोंडी सांगितले जाते, परंतु कोणी आणलेच तर नाकारले जात नाहीत. मे महिन्यात टिटवीच्या अंड्यांवर बसलेल्या मादीची प्रिंट टेबलावर होती आणि तिच्या उजेडावर दहा मिनिटे चर्चा झाली. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. भर उन्हात ती अंड्यांवर स्वतःची सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. माणूस जवळ उभा राहिला की ती उठून दूर जाते आणि सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंश तापमानात अंडी उघडी पडतात. फोटो काढणाऱ्याला जी पाच मिनिटे क्षुल्लक वाटतात ती त्या अंड्यांच्या जिवावर बेतू शकतात. अशा प्रिंटवर उजेडाची चर्चा करणे म्हणजे पुढच्या माणसाला तसाच फोटो काढायला पाठवणे होय. नियम लेखी करावा आणि अशी प्रिंट मांडूच नये, असे मी मालकांना सांगितले आहे. त्याचबरोबर खोकडाच्या किंवा लांडग्याच्या बिळाची जागा बैठकीत मोठ्याने विचारली जाते, तीही प्रथा थांबली पाहिजे. ईबर्डसारखी पक्षीनिरीक्षणांची जागतिक ऑनलाइन नोंदवहीसुद्धा संवेदनशील प्रजातींचे नेमके ठिकाण सर्वांना दाखवत नाही. आपण तर चहा पिता पिता शेताचे नाव आणि विहिरीची खूण सांगून मोकळे होतो. फोनचे लोकेशन चालू असेल तर फोटोत जागेची नोंद आपोआप बसते आणि मूळ फाइल दुसऱ्याला दिली की तीही बरोबर जाते, याचीही बहुतेकांना कल्पना नसते.

दुसरी उणीव खोलीतल्या उजेडाची. छताला निळसर पांढरे ट्यूबलाइट आहेत. त्यांच्याखाली नान्नजचे सोनेरी गवत मातकट दिसते, आणि रंगांवर बोलायचे झाले की प्रत्येक जण प्रिंट घेऊन खिडकीकडे धावतो. रंग खरे दाखवणारे, म्हणजे सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचे 100 पैकी माप) 95 च्या आसपासचे, दिवसाच्या उजेडाजवळ जाणारे 5000 केल्विनचे दोन दिवे टेबलावर टांगले तर हा प्रश्न कायमचा सुटेल, आणि जी लॅब प्रिंटच्या बाबतीत इतकी काटेकोर आहे तिने हे आधीच करायला हवे होते.

तिसरी गोष्ट चर्चेतल्या एका सवयीची. काही जुनी मंडळी प्रत्येक प्रिंटवर तिचे उभे-आडवे तीन सारखे भाग पाडणाऱ्या रेषा आखतात आणि विषय त्या रेषांवर नसेल तर गुण कापल्यासारखे बोलतात. सिद्धेश्वर मंदिराचे तलावातले प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये ठेवलेल्या एका शांत, समतोल फोटोला त्यांनी 'मधोमध' म्हणून नापास केले, आणि वर-खाली सारखेपणा हाच त्या फोटोचा विषय आहे हे सरांना समजावून सांगावे लागले. नवख्या माणसाने अशा शेऱ्यांचा धसका घेऊ नये. चौथी अडचण वेळेची आहे. रविवारी सकाळी अकरा ही वेळ घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना सोयीची नाही, आणि खोलीत त्यांची संख्या कमी आहे ती यामुळेच, असे येणाऱ्या दोघी-तिघी ताईंनी स्पष्ट सांगितले आहे. शनिवारी संध्याकाळची एक बैठक सुरू केल्यास पुष्कळ फरक पडेल.

ज्यांना आपल्या फोटोंचे कौतुकच हवे आहे त्यांनी येथे जाऊ नये. कॅमेरा कोणता घ्यावा एवढेच विचारायचे असेल तरीही येथे वेळ वाया जाईल, कारण त्या प्रश्नाला सर उत्तरच देत नाहीत. परंतु आपला फोटो दुसऱ्याच्या नजरेने पाहण्याची ज्याची तयारी आहे, त्याला शुल्क आणि वेळ या दोन्हींचा मोबदला पुरेपूर मिळतो. घरट्यांच्या फोटोंचा प्रश्न सुटेपर्यंत मी माझ्याकडून या बैठकीला पाचपैकी चार गुण देतो.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. फाइल गुरुवार संध्याकाळपर्यंत पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलने द्यावी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली फाइल घेतली जात नाही. फाइल जेपेग असावी आणि तिचे रंग एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत असावेत, कारण ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत ठेवलेला फोटो लॅबच्या यंत्रावर फिका येतो. फार कापाकापी केलेली असेल तर उरलेले पिक्सेल तपासावेत. 24 मेगापिक्सेलच्या फोटोचा एक तृतीयांश भाग ठेवला तर 8 मेगापिक्सेल उरतात आणि तेवढ्यावर 8×12 ची प्रिंट कशीबशी निभावते. कागद चकचकीत न मागता लस्टर, म्हणजे कमी चमकणारा, मागावा, नाहीतर ट्यूबलाइटची चमक प्रिंटवर येते. गाडी नवी पेठेत लावायला जागा मिळत नाही, म्हणून पार्क चौकाकडे लावून चालत यावे. प्रिंट बैठकीनंतर घरी नेता येतात.